पावती की समज?

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. १९५० ते १९७० या काळात शाळा आणि कचेऱ्या भरण्याच्या सुमारास तेथील रस्ते सायकलींनी फुलून जात. विद्यार्थी, कारकून, दूधवाले, इतकेच काय पण वकील आणि प्राध्यापकही सायकलीवरूनच ये-जा करीत. सायकल हे वाहन साधे खरे; परंतु तिलाही नियमांचे बंधन होते. कर भरल्याची खूण म्हणून तिच्यावर पितळी बिल्ला असावा लागे. अंधार पडल्यावर दिवा लावावा लागे. एका सायकलीवर दोघांनी बसणे, ज्याला सारे पुणेकर ‘डबलसीट’ म्हणत, हा तर गुन्हाच समजला जाई.

त्या पुण्यातील एका संध्याकाळचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. दिवेलागण होऊन गेली आहे. शिकवणीहून परतणारा बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा सायकल दामटीत चौकात येतो. सायकलीला दिवा आहे; पण त्यात रॉकेल नाही. चौकातील हवालदार हात आडवा करून त्याला थांबवतो.

“काय रे, दिवा का लावला नाहीस?”

“घर अगदी जवळ आहे, साहेब. आणि मला रस्ता चांगला दिसतो.”

“तुला रस्ता दिसत असेल, पण समोरून येणाऱ्याला तू दिसतोस का?”

मुलगा निरुत्तर होतो. सायकलीचा दिवा जितका आपल्यासाठी, तितकाच तो दुसऱ्यासाठी असतो, ही गोष्ट त्याच्या ध्यानात कधी आलीच नव्हती.

हवालदारापुढे आता दोन मार्ग असतात. दंडाची कारवाई करावी, किंवा ‘पुन्हा असे करू नकोस’ असे बजावून सोडून द्यावे. कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात न सापडणारा तिसरा मार्गही जुन्या पिढीला चांगला ठाऊक आहे. तो म्हणजे चाकातील हवा सोडून देणे! त्यात खिशाला तोशीस पडत नसे. पण सायकल हाताने ढकलीत घरी जाण्याची शिक्षा मात्र जागच्या जागी भोगावी लागे. या मुलाचे नशीब बरे. हवालदार त्याला सायकलीवरून उतरून पायी घरी जाण्यास सांगतो आणि समज देऊन सोडतो.

‘समज देणे’ हा मराठीतील शब्दप्रयोग मोठा अर्थपूर्ण आहे. ज्याला समज द्यावयाची, त्याला नियम मोडताना तो नियम कशासाठी आहे हे समजलेले नव्हते, असे त्यात गृहीत धरलेले असते. दिव्याची गोष्ट त्या मुलाला खरोखरच ठाऊक नव्हती. म्हणून त्याच्या बाबतीत हवालदाराचे एक वाक्य पुरेसे झाले. दंड भरून तो कदाचित चिडला असता, आणि दिव्याऐवजी हवालदाराला चुकवण्याच्या गल्ल्या त्याने अधिक लक्षात ठेवल्या असत्या.

आपल्याकडील जुन्या शास्त्रकारांनीही या प्रश्नाचा विचार केलेला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत शिक्षेचे चार प्रकार सांगितले आहेत. धिक्कार करणे हा धिग्दंड. कठोर शब्दांनी बजावणे हा वाग्दंड. द्रव्य घेणे हा धनदंड. आणि शेवटचा देहाला होणारा वधदंड. अपराध पाहून यांतील एक किंवा अनेक योजावेत, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे शब्दाने बजावणे हीदेखील एक शिक्षाच आहे. ती माफी नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्रात हाच विचार राज्यकर्त्यासाठी मांडला आहे. कडक शिक्षा करणाऱ्याला लोक भितात, सौम्य शिक्षा करणाऱ्याला जुमानत नाहीत, आणि अपराधाच्या योग्यतेची शिक्षा करणाऱ्यालाच मान देतात, असा त्याचा आशय आहे. आता चौकात उभ्या असलेल्या हवालदाराने ही योग्यता क्षणार्धात कशी ठरवावी, हे मात्र कौटिल्यालाही सांगता आले नसते!

कारण त्या चौकातील संध्याकाळ अजून संपलेली नाही. मुलगा सायकल हातात धरून कडेने चालू लागतो, तोच मागून एक मोटार येते. तिचा एक दिवा बंद आहे. आत एक प्रतिष्ठित गृहस्थ बसलेले आहेत. हवालदार मोटारीकडे पाहतो, गृहस्थांकडे पाहतो आणि झटकन सलाम ठोकतो. मोटार निघून जाते. तिच्या पाठोपाठ बिनदिव्याच्या सायकलीवरून एक दूधवाला येतो. त्याच्या सायकलीला दोन्ही बाजूंनी किटल्या लटकलेल्या आहेत. त्याला मात्र थांबवले जाते, आणि “तुम्हा लोकांना किती वेळा सांगायचे?” असे म्हणून त्याच्यावर दंडाची कारवाई होते. वास्तविक त्याला यापूर्वी कोणीच काही सांगितलेले नसते.

तीन वाहने, चूक एकच. आणि एकाला समज, दुसऱ्याला सलाम, तिसऱ्याला दंड! कोपऱ्यावर उभा राहून मुलगा हे सारे पाहतो. दिव्याविषयी हवालदाराने जे शिकवले, त्याहून निराळाच धडा तो आता शिकतो. समज देण्याच्या पद्धतीतील खरे वैगुण्य हे आहे. दया ही चांगली गोष्ट आहे. पण ती ओळखीवर, कपड्यांवर आणि बोलण्याच्या ढबीवर वाटली जाऊ लागली, की ज्याच्यापाशी यांतील काहीच नाही त्याच्या वाट्याला ती येत नाही.

पावतीचा पक्ष येथे बळकट होतो. पावती सर्वांना सारखी असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात, ज्या चुकांसाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नाही अशा किरकोळ चुकांना पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंत दंड ठेवला होता. २०१९ च्या दुरुस्तीने ती मर्यादा ५०० रुपये झाली आणि पुन्हा तीच चूक करणाऱ्यासाठी १,५०० रुपये झाली. पण सारखा आकडा म्हणजे सारखी शिक्षा, असे म्हणता येईल काय? पाचशे रुपये हे एखाद्याचे एका वेळच्या फराळाचे पैसे असतात, तर एखाद्याची दिवसभराची मजुरी. पहिला पावती खिशात कोंबून हसत पुढे जातो. दुसऱ्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटण्याची पंचाईत होते.

फिनलंड या देशाने यावर एक उपाय शोधला. तेथे १९२१ पासून अनेक गुन्ह्यांचा दंड अपराध्याच्या रोजच्या मिळकतीवरून ठरवतात. वाहतुकीच्या लहान चुकांना तेथेही ठरावीक रक्कमच असते. पण वेगमर्यादा बरीच ओलांडली की मिळकतीचा हिशेब सुरू होतो. ताशी ५० किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ७५ च्या वेगाने मोटारसायकल चालवणाऱ्या एका बड्या कंपनीच्या अधिकाऱ्याला १ लाख १६ हजार युरो दंड झाल्याची बातमी २००२ साली जगभर गाजली. त्याची मिळकत घटल्याचे दिसून आल्यावर पुढे तो दंड पुष्कळ कमी करण्यात आला. अर्थात प्रत्येकाच्या मिळकतीची विश्वसनीय नोंद सरकारदरबारी असेल, तेथेच ही रीत चालू शकते. हातगाडीवाल्याच्या मिळकतीची नोंद कोठे सापडणार?

आता अनेक शहरांत चौकाचौकांत कॅमेरे बसले आहेत. ते वाहनाचा क्रमांक टिपतात आणि दंडाचा संदेश मालकाच्या मोबाइलवर येऊन पडतो. कॅमेऱ्याला कपडे दिसत नाहीत, ओळख कळत नाही आणि सलामही ठोकता येत नाही. हा त्याचा मोठाच गुण म्हटला पाहिजे. पण मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठीच एखाद्याने पांढरी रेघ ओलांडली, हे चित्र पाहणाऱ्या माणसाने ध्यानात घेतले नाही, तर कॅमेरा ते आपण होऊन सांगत नाही. शिवाय ‘तू दुसऱ्याला दिसतोस का?’ हा प्रश्न तो विचारीत नाही. संदेश काही दिवसांनी येतो, तोवर चूक कोणत्या चौकात झाली हेही मालकाला आठवत नाही.

तेव्हा निवड केवळ पावती आणि समज यांतील नाही. कोणती चूक किरकोळ मानावयाची हे आधी ठरवावे लागते. दिव्यातील रॉकेल संपणे, दिव्याची काच फुटणे, क्रमांकाच्या पाटीवर चिखल बसणे या चुका नजरचुकीने होऊ शकतात. लाल दिवा असताना गाडी पुढे दामटणे ही नजरचूक नव्हे. त्या क्षणी पट्ट्यांवरून कोणी म्हातारी, कोणी शाळकरी मूल रस्ता ओलांडीत असते. २०१९ च्या दुरुस्तीने लाल दिवा ओलांडणे आणि गाडी चालवताना हातात मोबाइल धरणे यांची गणना धोकादायक वाहन चालवण्यात केली, ते योग्यच झाले. तेथे पहिल्या वेळीही दंडच हवा. नजरचुकीच्या प्रकारात मात्र पहिल्या वेळी समज द्यावी, आणि ती लिहून ठेवावी.

‘लिहून ठेवावी’ यातच सारी मेख आहे. तोंडी दिलेली समज पुढच्या चौकात विरून जाते. तेथील हवालदाराला ती मिळाल्याचे ठाऊक नसते, आणि नेहमी चुका करणारा प्रत्येक चौकात पहिल्यांदाच सापडल्यासारखा चेहरा करतो. नोंद असली, म्हणजे दुसऱ्या वेळी दंड करताना हवालदाराला संकोच वाटावयास नको. कोणाला समज दिली आणि कोणाला दंड केला, हेही त्याच नोंदीवरून वरिष्ठांना तपासता येते. पूर्वी यासाठी जाड वही बाळगावी लागली असती. हल्ली पोलिसांच्या हातात दंडाची नोंद करणारे यंत्रच असते. जे यंत्र दंड नोंदवू शकते, त्याला समज नोंदवण्यास कितीसा वेळ लागणार?

सायकलवाल्या मुलाच्या बाबतीत हवालदाराने केले ते बरोबरच होते. दूधवाल्यालाही त्या संध्याकाळी समजच मिळावयास हवी होती, आणि मोटारीतील गृहस्थांनाही. तिघांची नावे एकाच पानावर, एकाखाली एक लिहिली जावयास हवी होती.