बरोबर माहिती, चुकीचा वाचक

मुलगी जेवत नाही, वजन उतरत चाललंय, हे लक्षात आलं की आईवडील आधी मोबाइलवर शोधतात आणि मग दवाखान्यात येतात. त्यात गैर काही नाही. पण ॲनोरेक्सिया, बुलिमिया यांसारख्या खाण्याच्या विकारांबाबत इंटरनेटवर एक वेगळाच धोका आहे. तिथली खरी माहितीसुद्धा घात करू शकते.

अमेरिकेतल्या नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशनला २०२३ मध्ये आपला ‘टेसा’ हा चॅटबॉट बंद करावा लागला. या विकारांच्या रुग्णांना मदत करण्याऐवजी तो रोज ५०० ते १००० कॅलरी कमी करा, दर आठवड्याला वजन करा, असं सुचवत होता. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या एखाद्या स्थूल गृहस्थाला हाच सल्ला मिळाला असता, तर कुणाला वावगं वाटलं नसतं.

म्हणून मजकूर कितीही भरवशाचा दिसला, तरी मी आधी त्यातले आकडे बघतो. रुग्ण किती किलोपर्यंत उतरली, दिवसाला किती कॅलरी खायची, उलट्या कशा लपवायची, हे तपशील आजारी मुलीला धडा म्हणून नाही, तर आव्हान म्हणून दिसतात. ‘आधी आणि नंतर’चे फोटोही तसेच. जबाबदार लेखक हे सारं गाळतो.

मग बघायचं, काय राहून गेलंय. हाडांचा सापळा झालेली गोरी मुलगी, एवढंच चित्र डोक्यात असेल तर ‘आमची तशी नाही’ म्हणून पालक निश्चिंत होतात. वारंवार उलट्या काढणाऱ्या मुलीचं वजन अगदी नॉर्मल असू शकतं, पण पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडलेले असतात. मुलग्यांनाही हे विकार होतात. शिवाय ‘मी जाड आहे’ असं आपल्याकडची प्रत्येक मुलगी म्हणत नाही. पोट गच्च वाटतं, ॲसिडिटी होते, आज माझा उपवास आहे, अशी कारणं येतात. उपवासाला घरात कोण हरकत घेणार?

‘भरपूर खाऊ घाला, सुधारेल’ हा सल्ला तर सरळ धोक्याचा. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. वजन फार उतरलं असेल तर आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्यानेच वाढवायचा.

शुद्ध हरपली किंवा छातीत धडधडत असेल, तर वाचत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पाळी थांबली असेल, जेवणानंतर लगेच बाथरूमचं दार बंद होत असेल, तर या आठवड्यातच तपासून घ्या. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून आजार नाही, असं मात्र समजू नका. मानसोपचारतज्ज्ञ जवळपास नसतील तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तोवर घरातला वजनकाटा कपाटात ठेवा आणि ताटावरचे टोमणे बंद करा. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हे कौतुकसुद्धा नको.