छंदाची मोटार, धंद्याची मोटार

प्रश्न : काळाचौकीस अभ्युदयनगरात आमचे वास्तव्य आहे. वडिलांनी १९७४ साली नवी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आजही इमारतीच्या आवारात उभी आहे. चार वर्षांपूर्वी वडील वारले. गाडी अद्याप त्यांच्याच नावावर असून नोंदणीची मुदतही उलटली आहे. आई व रत्नागिरीस दिलेली बहीण यांची गाडी मी ठेवण्यास हरकत नाही. निवृत्तीनंतर इंजिन मी स्वतः खोलून नीट केले, पत्र्याचे काम मिस्त्रीकडून करून घेतले. याच नादात आणखी दोन जुन्या फियाट गाड्या घेतल्या, दुरुस्त केल्या व विकल्या. त्यांपैकी एक कचेरीतील सहकाऱ्याची होती. त्याने टीटी फॉर्मवर सह्या करून दिल्या होत्या. तेच फॉर्म मी पुढच्या गिऱ्हाइकास दिले. आता त्या सहकाऱ्याच्या मोबाईलवर दंडाची चलने येतात आणि तो माझ्याशी बोलत नाही. वडिलांच्या गाडीस व्हिंटेज नोंदणी मिळेल काय? खरेदी-विक्रीवर कर लागतो काय? तिसरी गाडी पाहून ठेवली आहे. ती घेतल्यास माझा छंद कायद्याच्या कचाट्यात तर सापडणार नाही ना?
— एक वाचक, काळाचौकी

उत्तर : आपण विचारलेले प्रश्न तीन आहेत, परंतु चौथा, जो आपण प्रश्न म्हणून मांडलाच नाही, केवळ मैत्रीत आलेले वितुष्ट म्हणून ओघात सांगून टाकला, तोच माझ्या मते सर्वांत निकडीचा असल्यामुळे आरंभ तेथूनच करतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० अन्वये, व्यवहार एकाच राज्यातला असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत मालकी बदलल्याची वर्दी परिवहन कार्यालयास द्यावयाची असते. त्यासाठी ठरवून दिलेले नमुना २९ व नमुना ३० हेच आपले टीटी फॉर्म. सहकाऱ्याने त्यांवर सह्या केल्या, आपण ते कपाटात ठेवले आणि गिऱ्हाईक येताच त्याच्या हवाली केले. म्हणजे व्यवहार झाले दोन आणि सरकारी दप्तरात नोंद झाली एकाचीही नाही. मधल्या काळात त्या गाडीचे मालक आपण होता, हे आपणांस, आपल्या सहकाऱ्यास आणि परमेश्वरास ठाऊक. ताडदेवच्या कार्यालयास नाही.

चलने ही त्यातल्या त्यात किरकोळ आपत्ती म्हणावयाची. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, जेथे गाडी विकली जाऊन एकामागून एक हातांतून फिरली होती, पण नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहिली होती, तेथे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असा निर्णय दिला की अपघातग्रस्तांना द्यावयाच्या नुकसानभरपाईच्या बाबतीत दप्तरात ज्याचे नाव तोच मालक. जखमी मनुष्याने गाडी कोणी कोणास केव्हा विकली याचा माग काढीत हिंडावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही. आपल्या गिऱ्हाइकाच्या हातून उद्या कोणी दगावले आणि त्याने विमाही उतरवलेला नसला, तर ज्याने ती गाडी केव्हाच डोळ्यांआड केली त्या सहकाऱ्याच्या निवृत्तिवेतनावर गदा येईल. तेव्हा त्याच्या अबोल्याचा राग न मानता त्याला घेऊन परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्या, दोन्ही विक्रींचे जे काही कागद, बँकेतील नोंदी, ओळखपत्रांच्या प्रती असतील त्या जोडा, आणि गिऱ्हाइकास नोंदणीकृत टपालाने नोटीस धाडून नाव बदलून घेण्यास भाग पाडा. तो दाद देत नसेल तर पोलिस ठाण्यात अर्ज देऊन पोच घ्यावी. दुसऱ्या गाडीची नोंदही आजच तपासा. तिच्याविषयी आपण काहीच लिहिलेले नाही, याची मला धास्ती वाटते.

आता वडिलांची पद्मिनी. मालक मृत झाल्यास वारसाने तीस दिवसांत तशी वर्दी द्यावी, म्हणजे त्यास तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांतच नमुना ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यावी, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५६ आहे. आपली मुदत केव्हाच टळली. तथापि त्यामुळे हक्क बुडत नाही, दंड व हेलपाटे मात्र वाढतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, बहीण आणि आपण समान हिस्सेदार आहात. म्हणून मृत्यूचा दाखला, वारसांविषयीचे प्रतिज्ञापत्र आणि त्या दोघींची लेखी ना-हरकत ही तजवीज आधी करा. ‘हरकत नाही’ हे तोंडी शब्द सणासुदीला ठीक. कचेरीत त्यांना शिक्का लागतो.

त्या काळचा तीन अक्षरी क्रमांक असलेल्या गाड्यांची माहिती पुष्कळदा संगणकावर चढलेलीच नसते. तेव्हा प्रथम जुन्या नोंदवहीवरून बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते आणि त्यासाठी जुने आरसी बुक, कराच्या पावत्या, असेल तो प्रत्येक कपटा उपयोगी पडतो. त्यानंतर निरीक्षक गाडी पाहतो, चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासतो आणि त्या कागदावर उमटलेले आकडे दप्तराशी ताडून पाहतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा कुजतो, मिस्त्री कुजलेला भाग कापून नवा तुकडा जोडतो आणि त्या कापाकापीत कोरलेला क्रमांक भंगारात गेला, तर मालकाची निष्ठा कितीही निर्मळ असो, गाडी संशयास्पद ठरते. आपल्या मिस्त्रीने त्या जागेला हात लावला आहे काय, हे अर्ज करण्यापूर्वी बॉनेट उघडून स्वतः पाहावे. इंजिन बदललेले असल्यास अथवा गॅस किट बसवलेले असल्यास कलम ५२ प्रमाणे आरसीवर त्याची नोंद हवी. इंजिनाची नुसती दुरुस्ती, बोअरिंग, पिस्टन-रिंगा यांस नोंद लागत नाही.

व्हिंटेजविषयी माझे मत आपणांस कदाचित रुचणार नाही. जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांप्रमाणे, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, व्यापारी वापरात नसलेली आणि चेसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्या हिशेबाने १९७४ ची गाडी पात्र ठरू शकते. नव्या नोंदणीस वीस हजार व पुनर्नोंदणीस पाच हजार रुपये फी असून ती दहा वर्षे चालते. परंतु त्या मानाबरोबर एक बेडीही पायात पडते : अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच ती बाहेर निघू शकते. आपणांस ती रविवारी शिवाजी पार्कपर्यंत आणि गणपतीला रत्नागिरीपर्यंत न्यावयाची असेल तर हा मान पत्करू नये. त्यापेक्षा कलम ४१ प्रमाणे नमुना २५ भरून साधे नूतनीकरण करावे. ते पाच वर्षांचे असते. वीस वर्षांवरील मोटारीस त्याची फी आता दहा हजार रुपये झाली असून पर्यावरण कर व विलंबाची फी निराळी. खर्च सोसावा लागेल, पण गाडी गाडी राहील. दिल्लीतल्या दहा-पंधरा वर्षांच्या बंदीच्या बातम्या वाचून येथील कित्येकांनी सुस्थितीतील गाड्या भंगारात दिल्या. महाराष्ट्रात खासगी मोटारीस केवळ वयामुळे अशी बंदी नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती, आणि ताडदेवला ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली ती त्या मर्यादेमुळे. आपण पाहून ठेवलेली तिसरी गाडी रंग बदललेली टॅक्सी तर नाही ना, हे आरसीवरील वर्गावरून खात्री करून घ्या.

कराचा प्रश्न येथेच येऊन भिडतो. स्वतःच्या वापरातील मोटार ही प्राप्तिकर कायद्याने ‘भांडवली मत्ता’ या व्याख्येतून वगळलेली आहे. वडिलांची पद्मिनी उद्या चांगल्या मोबदल्याला विकली तरी त्या नफ्यावर भांडवली लाभाचा कर नाही, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही हे तत्त्व तसेच ठेवले आहे. परंतु जी गाडी आपण वापरलीच नाही, जी घेतानाच विकण्याचा हेतू मनात होता, ती वैयक्तिक वापराची म्हणता येणार नाही. छंद कोठे संपतो आणि धंदा कोठे सुरू होतो, याचा आकडा कायद्यात दिलेला नाही. व्यंकटस्वामी नायडू यांच्या खटल्यातील १९५९ च्या निर्णयात, एका कापड गिरणीच्या व्यवस्थापकांनी गिरणीलगतचे भूखंड घेऊन ते त्याच गिरणीस विकले असता, तो एकच सौदाही व्यापारी स्वरूपाचे साहस ठरला. गिरणगावातल्या माणसास हे उदाहरण सहज पटावे. माझ्या मते आपल्या दोन फियाट गाड्यांवरील नफा व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवणेच शहाणपणाचे. त्यातून सुट्या भागांचा व मजुरीचा खर्च वजा होतो, मात्र पावत्या हव्यात. चोरबाजारातून आणलेल्या दिव्याची पावती कोण देतो, असे आपण म्हणाल. निदान विक्रेत्याचे नाव, तारीख आणि रक्कम वहीत टिपा, कारण भाग चोरीचा निघाला तर हीच वही आपली सचोटी सांगेल. गाडीच्या विक्रीत दोन लाख वा अधिक रक्कम रोख घेऊ नका. तेवढ्याच रकमेचा दंड आहे. जीएसटीची चिंता सध्या सोडा. वापरलेल्या गाडीवरील अठरा टक्के हा दर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे, आपल्यासारख्या अनोंदणीकृत व्यक्तीवर नाही.

राहिला तिसऱ्या गाडीचा प्रश्न. गाडी घेणे, दुरुस्त करणे, विकणे यांपैकी कशातही गुन्हा नाही. परंतु १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यास परिवहन खात्याचे पाच वर्षांचे अधिकारपत्र घ्यावे लागते. गाडी त्याच्या ताब्यात आल्याची वर्दी नमुना २९-सी ने दिली की तोच मानीव मालक होतो, म्हणजे आपल्या सहकाऱ्यावर आला तसा प्रसंग मूळ मालकावर येत नाही. वर्षाला तीन-चार गाड्या करण्याचा मनसुबा असेल तर ते अधिकारपत्र घ्या. ही एकच घेऊन काही वर्षे स्वतः चालवणार असाल, तर व्यवहाराच्या दिवशीच विक्रेत्यास बरोबर घेऊन अर्ज रुजू करा, गाडी आपल्या नावावर चढू द्या, विमा त्या नावाने करून घ्या, आणि मग पान्याला हात लावा.