दुखरा गुडघा: आधी विचारा, मग पाहा, मग हात लावा



आवणीच्या दिवसांत बांधावरून पाय घसरतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर ओझे घेऊन वळताना गुडघा पिळवटतो. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरली, की बैलबाजारात जनावराचा धक्का बसतो. ठाकूर-कातकरी पाड्यांवर गुडघा बिघडला, की मजुरी बुडते. एक्स-रेसाठी तालुक्याला जायचे तर सोबत्याचाही दिवस जातो. म्हणून कोणाला लगेच न्यायचे आणि कोणाला विश्रांती पुरेल, हे पाड्यावरच ओळखता आले तर मोठी मदत होते.

आधी विचारा. मार कसा लागला? ‘कट्’ असा आवाज आला का? सूज कधी आली? दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्त साचलेले असू शकते; लिगामेंट तुटले असेल किंवा हाड मोडले असेल. दुसऱ्या दिवशी हळूहळू सूज आली, तर गादीला इजा किंवा साधी मुरगळ असण्याचा संभव अधिक.

मग पाहा. रुग्णाला उताणे निजवून दोन्ही गुडघे उघडे करावेत व शेजारी शेजारी पाहावेत. पाय सरळ ठेवून वर उचलायला सांगावे. उचलताच येत नसेल, तर वाटी मोडलेली किंवा तिला धरून ठेवणारा स्नायूचा दोर तुटलेला असू शकतो.

मग हात लावा, तोही आधी चांगल्या गुडघ्याला. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी 1995 साली ताज्या दुखापतीसाठी पाच खुणा ठरवल्या. मोठ्या माणसात यांपैकी एकही आढळली, तर एक्स-रे काढावा:

1. वय 55 किंवा अधिक
2. फक्त वाटीवर दाबल्यावर दुखणे
3. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली असलेल्या हाडाच्या गाठीवर दुखणे
4. गुडघा काटकोनात न वाकणे
5. मार लागल्या लागल्या आणि तपासतानाही चार पावले टाकता न येणे. लंगडत टाकली तरी चालतात

एकही खूण नसेल, तर हाड मोडलेले असणे फार क्वचित. मात्र लिगामेंट किंवा गादीची इजा यातून कळत नाही. त्यासाठी डॉक्टर लॅकमन चाचणी करतात: गुडघा 20 ते 30 अंश वाकवून एका हाताने मांडी धरतात, दुसऱ्याने नडगी पुढे ओढतात. ती दुसऱ्या पायापेक्षा जास्त सरकली आणि शेवटी घट्ट अडली नाही, तर पुढचे लिगामेंट तुटल्याचा संशय येतो. ही चाचणी शिकलेल्या हातांनीच करावी.

पाऊल गार किंवा बधिर पडले, सांध्यावर उघडी जखम असली, किंवा गुडघा गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पहिले दोन-तीन दिवस मालीश, शेक व ओढाताण टाळावी. पाय उशीवर उंच ठेवावा, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, बेताची घट्ट पट्टी बांधावी. आठवड्यात उतार नसेल, किंवा चालताना गुडघा दगा देत असेल, अडकत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

पाड्यांवर भेटीला जाणाऱ्या मंडळींनी या पाच खुणा वहीत लिहून घ्याव्यात, आणि तिथल्या आशाताईंनाही सांगाव्यात.