व्हर्च्युअल मशीनच संथ का?

प्रश्न : विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वरच्या हायपर-व्हीमध्ये व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क रखडतं, मूळ सर्व्हर मात्र ठणठणीत. केबल, स्विच बदलून झाले.

उत्तर : आणखी खर्च करू नका. नेटवर्क कार्ड ब्रॉडकॉमचं एक गिगाबिटचं आहे का, ते आधी पाहा. त्याच्या जुन्या ड्रायव्हरवर व्हीएमक्यू (व्हर्च्युअल मशीन क्यू) ही सुविधा सुरू असली की नेमकं हेच होतं. मायक्रोसॉफ्टनेही हा दोष नोंदवला आहे. सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून १६.८ किंवा त्यापुढचा ड्रायव्हर घ्या, फर्मवेअरही त्याला जुळणारं ठेवा. फर्मवेअर चढवताना वीज गेली तर कार्डच निकामी होऊ शकतं, म्हणून यूपीएस नक्की तपासा. नवा ड्रायव्हर बसेपर्यंत त्या कार्डावरचं व्हीएमक्यू बंद ठेवा. एक गिगाबिटच्या वेगाला त्याचा फारसा उपयोग नसतोच.