पाठ : शू होत नाही की करत नाही?

मुलांनो, घरात लहान भावंड असेल तर हा पाठ तुमच्या कामाचा आहे. आई-बाबांनीही वाचावा.

‘शू’ हा शब्द स्त्रीलिंगी. म्हणून ‘बाळाने शू केली’, ‘बाळाला शू लागली’. मोठी माणसे ‘लघवी’ म्हणतात, पुस्तकात ‘मूत्र’ असते. आता ही दोन वाक्ये पाहा :

१. बाळाला शू होत नाही.
२. बाळ शू करत नाही.

पहिल्यात बाळाच्या हातात काही नाही. दुसऱ्यात त्याची मर्जी आहे. जर्मनमध्ये पहिल्याला ‘कान निश्ट’, दुसऱ्याला ‘विल निश्ट’. इथल्या किंडरआर्त्स्टला फोनवर यातले कोणते सांगायचे, हे नीट ठरवा. तान्हे बाळ हट्टाने शू धरून ठेवत नाही. तेवढा ताबा दीड-दोन वर्षांच्या सुमारास येऊ लागतो. म्हणजे तान्ह्यासाठी वाक्य पहिलेच!

दूध पोटात कमी गेले, ताप आला, जुलाब-उलट्या झाल्या, की शू कमी होते. हल्लीचे लंगोट इतके शोषून घेतात की ओले कळतच नाहीत. आत पातळ कागदी रुमाल ठेवून पाहावे. दूध पुन्हा पुन्हा पाजावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे पाणी देऊ नये, आजीने फोनवर कितीही सांगितले तरी. पोट दाबू नये. सहा तास लंगोट कोरडा, तोंड सुकलेले, टाळू खोल गेलेली, रडताना अश्रू नाहीत, ताप, ओटीपोट फुगलेले, किंवा शू थेंब-थेंब होते, यांतले काहीही दिसले तर लगेच डॉक्टरांना विचारावे. दवाखाना बंद असेल तर ११६११७. बाळ मलूल पडले असेल तर सरळ ११२.

आजी बाळाला पायांवर धरून ‘शूऽऽ’ करते, ते आठवते ना? तपासणीसाठी नमुना हवा असला की डॉक्टरांचीही हीच पंचाईत. मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १ ते १२ महिन्यांच्या बाळांच्या ओटीपोटावर गार, ओली घडी गोल चोळली. पाच मिनिटांत शंभरातल्या ३१ बाळांनी शू केली. न चोळलेल्यांत १२. पण ही युक्ती नमुन्यापुरती. लघवी तुंबली असेल तर त्यावरचा हा उपाय नव्हे.

दुसरे वाक्य दोन-तीन वर्षांच्या मुलांचे. एकदा जळजळ झाली की पोर घाबरून शू धरून ठेवते. शी कडक होत असेल तरी तसेच. अशा वेळी रागावू नये. कोमट पाण्याच्या टबात बसवावे, तिथेच शू झाली तर होऊ द्यावी. जळजळ राहिली तर लघवी तपासून घ्यावी.

गृहपाठ. रिकाम्या जागा भरा (केली, लागली, झाली) :
अ) दादाला खेळताना शू ____, पण तो गेला नाही.
आ) चिमीने टबातच शू ____.
इ) सकाळपासून तान्ह्याला शू ____ नाही. (इथे आईला हाक मारा!)