घड्याळावर रेकॉर्डिंग: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

दीड-दोन हजारांच्या घड्याळाच्या खोक्यावर ‘ब्लूटूथ कॉलिंग’ असं ठळक छापलेलं असतं. माइक आहे, स्पीकर आहे, म्हणजे आवाज रेकॉर्डही होत असणार, असं धरून बरेच जण ते घेतात आणि तिथेच पहिले पैसे वाया जातात. या घड्याळातला माइक म्हणजे फोनचा हँड्सफ्री. कॉल चालू असेपर्यंत तुमचा आवाज फोनकडे पोचवायचा, एवढंच त्याचं काम. आवाज साठवायला जागा आणि रेकॉर्डरचं ॲप, यांतलं बहुतेक स्वस्त मॉडेलांत काहीच नसतं. ‘व्हॉइस असिस्टंट’ या शब्दालाही भुलू नये, कारण सहसा तो फोनमधलाच असिस्टंट जागा करतो. दुकानदार “होतं की रेकॉर्डिंग!” म्हणाला, तर फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि म्हणा, आता एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकवा.

घड्याळातच आवाज साठवणारी मॉडेलं वेगळ्याच भावाची आहेत. आयफोन असेल तर ॲपल वॉच. त्यात २०१९ च्या वॉचओएस ६ पासून व्हॉइस मेमोज हे ॲप आहे आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. त्यातल्या त्यात स्वस्त एसई ३ सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे २५,९०० रुपयांना आलं, पण त्याला आयफोन ११ किंवा त्यापुढचा फोन लागतो. अँड्रॉइडवाल्यांसाठी सॅमसंगचं गॅलेक्सी वॉच आणि सॅमसंगचंच व्हॉइस रेकॉर्डर. २०२४ चं वॉच ७ बाजारात आलं तेव्हा २९,९९९ रुपयांपासून होतं, पुढच्या वर्षीचं वॉच ८ ३२,९९९ पासून. सणासुदीच्या सेलमध्ये मागच्या वर्षीचं मॉडेल बरंच खाली उतरतं. रेकॉर्डिंगपुरतं पाहिलं तर नव्याचे जास्त पैसे द्यायला काही कारण नाही. २०२१ च्या वॉच ४ मध्येही १६ जीबी जागा होती, त्यातली निम्मी सिस्टिम खाते असं धरलं तरी आवाजासाठी उरलेली भरपूर झाली. जुनं घ्यायचं तर बॅटरीची चौकशी मात्र कसून करावी. फोनची जातही आधी पाहावी: ॲपल वॉच अँड्रॉइडला जोडता येत नाही आणि वॉच ४ पासूनची गॅलेक्सी घड्याळं आयफोनला जोडता येत नाहीत.

सेल्युलर मॉडेलसाठी काही हजार जास्त मागतात. रेकॉर्डिंगला सिम लागत नाही. ते पैसे वाचवा.

खरेदीनंतरचा खर्च साठवणुकीचा. बोलण्यापुरतं ६४ केबीपीएसचं मोनो रेकॉर्डिंग तासाला साधारण २९ एमबी घेतं, म्हणजे रोज तासभर केलं तर वर्षाला साडेदहा जीबी. आयक्लाउडची फुकटची ५ जीबी एवढ्यानेच सहा महिन्यांच्या आत भरेल, आणि बहुतेकांची ती फोटोंनी आधीच भरलेली असते. त्यापुढची ५० जीबी महिना ७५ रुपये, म्हणजे वर्षाचे ९००. दर महिन्याला फाइली लॅपटॉपवर उतरवून घ्यायची शिस्त असेल तर तेही लागणार नाहीत. गूगलकडे १५ जीबी फुकट आहे, पण त्यात मेलही धरलेला असतो.

एवढं करून आवाज कसा येतो? समोरासमोरच्या बोलण्याला चांगला. मनगट हललं की बाही घासल्याची खरखर येते, म्हणून घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं बरं. आणि टेबलावरच ठेवायचं तर खिशातला फोन काय वाईट? तो आधीच घेतलेला आहे, रेकॉर्डर ॲप त्यात आहे आणि बॅटरीही मोठी आहे. एसई ३ ची बॅटरी कंपनीच्याच म्हणण्यानुसार १८ तासांची, ती नेहमीच्या वापराची. सलग रेकॉर्डिंग चालू ठेवलं तर संध्याकाळपर्यंत चार्जर शोधावा लागेल. गुरूंच्या परवानगीने गाण्याची तालीम टिपायची असेल, सोसायटीची सभा किंवा व्याख्यान असेल, तर माझं मत सरळ आहे: फोन वापरा, नाहीतर चार-सात हजारांचा चांगला डिजिटल व्हॉइस रेकॉर्डर घ्या. घड्याळाचे पैसे वसूल होतात ते हात गुंतलेल्या माणसाला. साइटवर फिरणारा इंजिनिअर, गाडी चालवताना मुद्दा सुचणारा वकील, गोठ्यात कुठल्या गाईला काय औषध दिलं ते बोलून ठेवणारा पशुवैद्य, यांच्यासाठी मनगटावरचं एक बटण खरंच कामाचं आहे. पण नुसत्या त्यासाठी पंचवीस हजार मोजू नयेत. घड्याळ एरवीही हवंच असेल, तर रेकॉर्डिंग त्यावरचा वरकड फायदा समजावा.

ऑनलाइन ‘स्पाय वॉच’ म्हणून विकली जाणारी निनावी घड्याळं घेऊच नका. सर्व्हिस सेंटर नाही, ॲप कुठलं ते माहीत नाही, आणि आवाज कुणाकडे जातो तेही नाही.

पुरावा म्हणून रेकॉर्डिंग करणाऱ्यांचा हिशेब वेगळा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून पाहायचा संकेतांकही, येते. तज्ज्ञाची आणि वकिलाची फी घड्याळाच्या किमतीत कुणी धरत नाही. जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, तेव्हाच्या कायद्याखाली, मूळ उपकरण आणि त्याची प्रत यांत फरक केला होता: मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन मूळ उपकरणच हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही, पण नुसती प्रत दिली तर ते हवंच. त्यामुळे वाद कोर्टात जाण्याची शक्यता असेल, तर फाइल फोनवर आली म्हणून घड्याळातली पुसू नका, आणि दिवाळीच्या एक्सचेंज ऑफरमध्ये ते घड्याळ देण्याआधी वकिलाला विचारा.