दुकानाबरोबर एजन्सी विकत मिळते का?

खते, बियाणे व औषधांचे चालू दुकान विकाऊ असल्याचे कळले की घरातील शिकलेल्या मुलाला ते घेऊन द्यावे, असे अनेकांना वाटते. मुद्रांकावर “कंपनीच्या एजन्सीसह दुकान विकले” असे लिहून घेतात व रक्कम मोजतात. कपाट, वजनकाटा, शिल्लक माल यांची विक्री होऊ शकते. एजन्सी मात्र विकणाऱ्याच्या एकट्याच्या हातची नसते.

कंपनी एजन्सी देते ती त्या माणसाची पत व अनुभव पाहून. करारात लेखी संमतीशिवाय हस्तांतरणास मनाई बहुधा असतेच. सर्वोच्च न्यायालयानेही खर्डा कंपनी विरुद्ध रेमन आणि कंपनी (1962) या निकालात स्पष्ट केले आहे की, करारातील जबाबदाऱ्या समोरच्या पक्षाच्या संमतीशिवाय दुसऱ्यावर टाकता येत नाहीत. हक्कही, करार व्यक्तिगत स्वरूपाचा असेल किंवा त्यात मनाई असेल तर देता येत नाहीत.

परस्पर व्यवहार केल्यास कंपनी करारानुसार एजन्सी रद्द करून मालपुरवठा थांबवू शकते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 खाली नुकसानभरपाईही मागू शकते. जुन्या विक्रेत्याची कंपनीकडील उधारी त्याच्याच नावावर राहते. तुमच्याशी झालेला कागद दाखवून तो सुटत नाही. तुम्हाला कंपनीकडे माल मागण्याचा हक्क नसतो. पैशासाठी विकणाऱ्यामागे लागावे लागते, आणि तोवर हंगाम निघून जातो.

याहून गंभीर बाब परवान्याची. बियाणे (नियंत्रण) आदेश, 1983 व खत (नियंत्रण) आदेश, 1985 हे अत्यावश्यक वस्तू अधिनियम, 1955 खालील आहेत. भिंतीवर जुन्या मालकाचा परवाना टांगून स्वतःचा धंदा करणे म्हणजे विनापरवाना विक्रीच. या अधिनियमाच्या कलम 7 खाली तीन महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे. कीटकनाशकांचा परवाना वेगळा असून त्याला शैक्षणिक पात्रतेची अट आहे. खताच्या परवान्यासाठी कंपनीचे उगम प्रमाणपत्र लागते. ते तुमच्या नावाचे हवे.

म्हणून आधी मूळ करारपत्र वाचावयास मागावे. ते दाखविण्यास टाळाटाळ होत असेल तर सौदा सोडावा. इसार थोडाच द्यावा व कंपनीचे नवे नियुक्तीपत्र आणि तुमच्या नावाचे परवाने ठरावीक मुदतीत न मिळाल्यास तो परत मिळेल, असे इसारपत्रात लिहून घ्यावे. शिल्लक औषधांची यादी करताना प्रत्येक बाटलीवरील अंतिम मुदत पाहावी. मुदत संपलेला माल किमतीत धरू नये.